हँडलमामा आणि पेट्रोलचं इंजिन

कल्पना करा, की बोट तुम्हाला चालू करायची आहे. सकाळ आहे, धक्क्यावर माणसं उभी आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला उशीर झालाय. किल्ली नाही, बटण नाही. बोटीच्या मधोमध एक लाकडी पेटी आहे. तिचं झाकण उचललं की आत मांडीएवढ्या उंचीचं डिझेल इंजिन. तुमच्या हातात दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेला लोखंडी दांडा, म्हणजे हँडल. ते इंजिनाच्या खोबणीत बसवा. डाव्या हातानं वरची कळ उचलून धरा. त्या कळीमुळे सिलिंडरची झडप उघडी राहते, आतली हवा दाबली जात नाही, म्हणून तर माणसाच्या हातानं हे धूड फिरतं. आता फिरवा. कमरेतून वाका, गुडघे सैल सोडा. अंगठा मुठीवर आवळू नका, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा; इंजिनानं उलटा झटका दिला तर निदान अंगठा शाबूत राहील. जड चाक एकदा वेगात आलं की कळ सोडून द्या. हवा दाबली जाईल, तापेल, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडेल आणि ठिणगीशिवायच पेट घेईल. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. मग धपधपधप.

नाही झालं? मग पुन्हा फिरवा.

आता हेच सगळं, उजवा हात छातीच्या वर जात नसताना करा.

हँडलमामा रोज हेच करत होते. त्यांचं खरं नाव धक्क्यावर कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. संध्याकाळी बोट बांधली की ते हँडल काढून खांद्यावर टाकायचे आणि घरी न्यायचे, म्हणजे मागे कुणी बोट चालू करू नये. ते नाव असं पडलं. नदी तिथं समुद्राला मिळण्याआधी चांगलीच रुंदावते. अलीकडे माणसं राहतात. पलीकडे मोठं हॉस्पिटल आणि कागदाचा कारखाना. पूल आहे, पण तो नदीच्या इतक्या वरच्या अंगाला आहे की बसनं फिरून जाण्यापेक्षा मामांची बोट परवडते.

तरुणपणी ते वाळू वाहणाऱ्या मोठ्या सपाट बोटीवर, बार्जवर, इंजिनाशी असायचे. बार्ज भंगारात गेलं, तेव्हा तिथलंच एक जुनं इंजिन त्यांनी उचललं आणि त्याच्या मापाची बोट बांधून घेतली. लोक बोट घेऊन तिला इंजिन शोधतात, मामांनी इंजिन घेऊन त्याला बोट शोधली. तेव्हापासून ते आणि इंजिन एकत्र म्हातारे होत होते. इंजिनानं त्यांचा डावा कान जवळजवळ नेला होता. त्या बाजूला बसलेल्या माणसाला सुटे परत मागायचे तर दोनदा ओरडावं लागायचं. काही जण म्हणायचे, तो कान सोयीनं बहिरा आहे.

सकाळी इंजिन लागेनासं झालं की बोटीत गमती सुरू व्हायच्या.

"मामा, सलाईन लावू का त्याला?" हॉस्पिटलात जाणारी नर्स विचारायची. ती बारा महिने याच बोटीनं जाणारी.

"त्याला नको, मला लाव," मामा म्हणायचे.

"जरा गोड बोलून बघा त्याच्याशी," कारखान्याचा फोरमन.

"गोड बोलायचं असतं तर घरीच नसतो का बसलो?"

पण त्या हिवाळ्यात गमती कमी झाल्या. एके दिवशी हँडल अर्ध्यावर आलं आणि मामांच्या खांद्यानं सरळ नकार दिला. हात खाली पडला, हँडल निसटून पेटीच्या कडेवर आदळलं. मामा तसेच वाकून उभे राहिले. डाव्या हातानं ते याआधीच करून थकले होते. बोटीची बांधणीच अशी, की डाव्या बाजूनं फिरवायला उभं राहायला जागा नाही. शेवटी फोरमन उठला, त्यानं बाह्या वर केल्या, मामांना विचारत विचारत कळ धरली आणि हँडल मारलं. इंजिन पहिल्या फटक्याला लागलं. बोटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनात काही नव्हतं कुणाच्या, टाळ्या वाजतात तशा वाजल्या. मामा मागं जाऊन सुकाणूपाशी बसले आणि पलीकडचा काठ येईपर्यंत डाव्या हातानंच सुकाणू धरून राहिले.

त्याच दिवशी नर्सनं त्यांना हाताला धरून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, मागं वळवायला लावला, आणि म्हणाले, "दुखतंय का ते मी विचारत नाही, ते दिसतंय. हा खांदा अजून वापरायचाय की नाही तेवढं सांगा. वापरायचा असेल तर ते हँडल बंद. नाहीतर उद्या केस विंचरायलाही दुसऱ्याचा हात लागेल."

"केस आहेतच किती," मामा म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत.

मामांचं घर म्हणजे दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मामींचं शिवणयंत्र. मामी बोटींची छतं, सीटांची कव्हरं, ताडपत्र्या शिवतात, त्यामुळे बसायला जागा अशी नसते; पाहुण्याला ताडपत्रीच्या गुंडाळीवर बसावं लागतं. त्या रविवारी तिथं मेहुणा बसला होता, मामींचा धाकटा भाऊ. तो नदीच्या वरच्या अंगाला सहलीच्या बोटी चालवतो. एका बोटीचं पेट्रोल इंजिन त्यानं नुकतंच उतरवलं होतं, चांगलं चालतं इंजिन. ते तो बहिणीला द्यायला आला होता, फुकट.

"भावोजी, किल्ली फिरवायची, संपलं," तो म्हणाला. "शेजारच्याला कळणारसुद्धा नाही बोट चालू झाली ते."

"कळायला नको? माणसं माझ्या इंजिनाचा आवाज ऐकून घरातून निघतात."

"वजन अर्ध्यापेक्षा कमी."

"माझी बोट त्या वजनावरच बसलीय. ते काढलं की डुलायला लागेल. मग लोक उतरल्यावर बोट धुवायला तू ये."

"वेग बघा ना!"

"वेग कशाला? पलीकडे जाऊन लोकांना कामच करायचं असतं. घाई कुणाला आहे?"

मामी मशीन चालवता चालवता हसल्या. मेहुण्यानं हार मानली नाही, आणि मामांनीही नाही. मामांची बाजू कच्ची नव्हती, हे सांगायलाच हवं. डिझेल इंजिन सावकाश फिरतानाच जोर देतं. भरलेली, जड बोट ओढायला पाण्याखालचा मोठा पंखा हळूहळू फिरवावा लागतो, आणि त्या कामाला ते जन्मल्यासारखं असतं. पेट्रोल इंजिनाला तोच जोर आणायला भराभर फिरावं लागतं, मग मध्ये गिअर घालून तो वेग उतरवावा लागतो. दिवसभर ओझं ओढायचं तर डिझेल पितंही कमी. शिवाय त्याला प्लग नाही, ठिणगी नाही. लाट अंगावर आली तरी भिजून बंद पडायला त्याच्यात काही नाही.

"आणि आग," मामा म्हणाले. "डिझेलच्या बादलीत पेटती काडी टाक, विझून जाईल. पेट्रोलची बादली काडी आत पडायची वाटसुद्धा बघत नाही."

"इतकी वर्षं पेट्रोलवर चालवली मी बोट. भुवईसुद्धा जळली नाही."

"तुझ्या भुवया मुळातच विरळ आहेत," मामी म्हणाल्या. मग मशीन थांबवून त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, पण हँडल कोण मारणार? तेवढं सांगा. बाकी सगळं खरं धरते मी."

बिनतोड मुद्दे भरपूर होते मामांकडे, पण एकही खांद्याचा नव्हता.

पेट्रोल नको म्हणण्याचं खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, ताकद आली, पण वास परत आला नाही. आधी वाटलं, येईल हळूहळू. महिना गेला, ऋतू गेला. चहा म्हणजे गरम पाणी झालं, साबण म्हणजे नुसता गुळगुळीतपणा. बोटीत डिझेल सांडलं तर ते पाय घसरल्यावर कळायचं.

सांगायला हरकत नव्हती, पण ते राहून गेलं, आणि राहून जाण्यामागं मामी होत्या. त्याचं असं, की आजारापूर्वी मामा जेवणाला नावं ठेवण्यात पटाईत होते. पहिला घास घेण्याआधीच ताटावर वाकून म्हणायचे, करपलंय. किंवा, काल केलेलं आहे हे. मामींची निम्मी हयात त्या वाकण्याला घाबरण्यात गेली होती. तापानंतर मामा निमूट जेवायला लागले. समोर येईल ते, कसंही असो. मामींनी आधी काळजी केली, मग त्या हळूहळू खुलल्या. शेजारणींना सांगू लागल्या, "माणूस निवळला हो माझा. आजारपणानं शहाणा झाला." कधी दुधाचं भांडं पुढं करून त्या विचारायच्या, नासलंय का बघा, मामा म्हणायचे, "तूच बघ, तुला जास्त कळतं." मामींना तेही कौतुकच वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मामा घरात काहीही न करता चांगले ठरले होते. ते मोडायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

डिझेलला नाक लागत नाही. म्हणून दोन वर्षं निभावून गेली. पेट्रोलला लागतं, आणि किती लागतं हे पुढच्या आठवड्यात मिस्त्री येऊन सांगून गेले.

मिस्त्री म्हणजे मामांचे बार्जवरचे सोबती. आता धक्क्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. मामींनीच त्यांना निवाडा करायला बोलावलं. त्यांनी बोट पाहिली, पेटीत डोकं घातलं, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "तू म्हणतोस ते बरोबर आहे. बोट बघितली तर डिझेलच पाहिजे."

"ऐकलंस?" मामा बायकोला म्हणाले.

"थांब, पुढचं ऐक. इंजिन बोट बघून निवडतात, पण तुला ते खांदा बघून निवडायचंय. या जुन्याला किल्लीचा स्टार्टर बसत नाही, तो अडकायला याच्या चाकाला दातेच नाहीत, आणि दातेवालं चाक आता मिळत नाही. स्टार्टरवालं नवं डिझेल घ्यायची तुझी ऐपत नाही, माझी उधार द्यायची नाही. राहिलं मेहुण्याचं. गिअर मी जुळवतो, तुझाच पंखा राहील. डुलेल थोडी बोट, तर तळात दगड टाकू."

"आणि आगीचं काय?"

"त्याचं एकच आहे." मिस्त्री पेटीच्या कडेवर बसले. "पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. धुरासारखी वर नाही जात, पाण्यासारखी खाली उतरते. कुठे थेंब थेंब गळत असलं तर ती तळात साचून राहते. दिसत नाही. वर तू किल्ली फिरवलीस, एक ठिणगी पडली, की बोट आणि आपण सगळे वर्तमानपत्रात. म्हणून आधी झाकण उघडायचं. ब्लोअर लावायचा, तो तळातली हवा ओढून बाहेर टाकतो. मग वाकायचं, नाक पेटीत घालायचं आणि हुंगायचं. वास नसला तरच किल्ली. पेट्रोल भरलं की पुन्हा हुंगायचं. मध्ये बंद केलं की पुन्हा."

"वास ओळखणारं यंत्र मिळतं ना?" मामांनी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवून.

"मिळतं. तेही लावू. पण खाऱ्या हवेत ते कधी मरेल सांगता येत नाही. आणि 'सगळं ठीक आहे' म्हणून हिरवा दिवा दाखवणारं यंत्र आणि आतून मेलेलं यंत्र, दिसायला सारखीच. शेवटी नाकच. नाक काय, फुकट आहे, जन्मापासून बसवलेलं आहे."

मामी म्हणाल्या, "यांचं नाक तर असं होतं, की खालच्या दुकानात उंदीर मेला तरी यांना आधी कळायचं."

मामांनी मान डोलावली. वाद तिथंच संपला, कारण उरलेला एकमेव मुद्दा त्यांना बोलून दाखवता येत नव्हता. तो सांगितला तर त्याचा अर्थ सरळ होता: हँडल मारायला हात नाही, किल्ली फिरवायला नाक नाही, म्हणजे बोट दुसऱ्याला द्यायची आणि खिडकीशी बसून मामींच्या ताडपत्र्यांचे दोरे कापायचे. साठीला अजून अवकाश असलेला माणूस. पलीकडचा काठ त्यांनी इतक्या वेळा गाठला होता, की त्यांना दुसरं काही येतं का, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

मिस्त्री इंजिन उतरवत होते त्या दिवसांत मामांनी एक प्रयोग केला. मामी कपडा आणायला बाजारात गेल्या होत्या. मामांनी मागच्या गॅलरीत एका चिंधीवर पेट्रोल ओतलं, डोळे मिटले आणि ती नाकाशी धरली. वास नाही. पण काहीतरी होतं. नाकपुड्यांत गार लागलं. डोळ्यांच्या कडांना बारीक चुरचुर. त्यांनी पाण्यात भिजवलेली दुसरी चिंधी घेतली, डोळे मिटूनच दोन्ही अदलाबदल करून हुंगल्या. प्रत्येक वेळी पेट्रोलची चिंधी बरोबर ओळखता आली. हलकं वाटलं त्यांना. वास नसेना का, गारवा तर कळतो. गारवा लागला तर पेट्रोल आहे, नाही लागला तर नाही. किल्लीपुरतं नाक मिळालं म्हणायचं. त्या संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला आपणहून निरोप पाठवला, की बोट चालू करायच्या दिवशी ये.

तो दिवस उजाडला तेव्हा नदीवर धुकं होतं. जुनं डिझेल धक्क्यावर लाकडी फळ्यांवर ठेवलेलं, तेलकट, खाली डाग धरत चाललेलं. पेटीत नवीन इंजिन इतकं छोटं दिसत होतं की चारही बाजूंना जागा उरली होती. मेहुणा आला होता. मिस्त्री पेट्रोल भरून, हत्यारं गोळा करत धक्क्यावर उभे. मामींनी पेटीच्या झाकणावर घालायला निळं कव्हर शिवलं होतं, ते घेऊन त्या बोटीत आल्या. पहिल्या फेरीचा मान आमचाच म्हणून नर्स आणि फोरमन आधीच जागा धरून बसले होते, आणि त्यांच्यामागं कारखान्याची आणखी काही माणसं.

"मामा, आता तुम्हाला काय म्हणायचं? किल्लीमामा?" फोरमन म्हणाला.

"आधी चालू तर होऊ दे."

मामांनी झाकण उघडलं. ब्लोअर लावला, तो बारीक घुं करत चालला. थांबले. मग मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे गुडघे टेकून वाकले, नाक पेटीत घातलं आणि मोठा श्वास घेतला.

गार लागलं.

ते तसेच वाकलेले राहिले. गार लागलं, पण सकाळच गार होती. धुकं गार होतं, इंजिनाचं लोखंड गार होतं, तळातलं चुळकाभर पाणी गार होतं. त्यांनी डोकं बाहेर काढून बाहेरची हवा हुंगली. तीही गार. पुन्हा आत. डोळे चुरचुरताहेत का? थोडे. पण ते तर झोप नीट न झाल्यानंही चुरचुरत होते. गॅलरीतल्या उन्हात जो फरक इतका स्पष्ट होता, तो इथं राहिलाच नव्हता.

ते उठले. किल्लीशी गेले. बोटं किल्लीवर ठेवली. वास ओळखणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता, त्याच्याकडे बघितलं. मग समोर बसलेल्या लोकांकडे बघितलं. नर्स डबा मांडीवर घेऊन बसली होती. मामी वाकून कव्हराची नाडी बांधत होत्या, त्यांचं डोकं पेटीपासून हातभर अंतरावर.

मामांनी किल्ली सोडली आणि फळीवर बसले.

"काय झालं?" मेहुण्यानं विचारलं.

"हिला हुंगू दे," मामा म्हणाले.

मामींनी वर बघितलं. "तुम्ही आत्ताच तर हुंगलंत."

"हुंगलं. मला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"वास. येतच नाही मला. तापापासून नाही."

मामी नवऱ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी मनातल्या मनात मागं मागं मोजत गेल्यासारख्या. मग त्यांनी कव्हर बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि पेटीवर वाकल्या.

"येतोय," त्या म्हणाल्या.

मेहुणा पुढं आला, त्यानं हुंगलं. "तो नव्या रबरी नळीचा आहे, ताई."

"रबर मला कळत नाही? दिवसभर ताडपत्र्या शिवते मी."

नर्सनंही वाकून बघितलं. "मला तर रंगाचा येतोय."

"नाकं तीन, वास तीन," फोरमन म्हणाला. "मत टाका आता."

एवढ्यात मिस्त्री बोटीत उतरले. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, हुंगलं, आणि काही न बोलता हात आत घालून नळीच्या सांध्याखालून बोट फिरवलं. बोट ओलं होतं. फार नाही. भरताना सांडलेलं की सांध्यातून आलेलं, हे त्यांनाही नक्की सांगता येईना. त्यांनी सगळ्यांना धक्क्यावर पाठवलं, क्लिप अजून आवळली, तळ फडक्यानं पुसून घेतला, फडकं दूर नेऊन टाकलं, आणि झाकण उघडं ठेवून ब्लोअर चालू सोडला. माणसं धुक्यात उभी राहिली. उशीर सगळ्यांनाच झाला होता, पण कुणी घड्याळाकडे बघून च्यक केलं नाही. मग पुन्हा मामी वाकल्या, मेहुणा वाकला, मिस्त्री वाकले. तिघांचं एकमत झालं, की आता काही नाही.

मामांनी किल्ली फिरवली. आणि फिरवलेलीच धरून उभे राहिले.

"सोडा, भावोजी, सोडा! लागलं कधीच!"

"लागलं?" मामांना पायाखाली काही धडधडलं नव्हतं. त्यांनी वाकून बोटीच्या मागच्या नळीतून पडणारं इंजिनाचं पाणी बघितलं, तेव्हा त्यांची खात्री पटली.

फेरी नीट झाली. बोट थोडी डुलली, पण कुणी ओकलं नाही. पलीकडे उतरताना नर्स मामांच्या उजव्या कानाशी म्हणाली, "आमच्याकडे नाकाचेही डॉक्टर आहेत. दाखवून तरी घ्या." मामा हो म्हणाले, माणसं डॉक्टरांबद्दल म्हणतात तसं.

दुपारी गर्दी नसते. मिस्त्री आणि मेहुणा जेवायला गेले होते. बोट धक्क्याला बांधलेली, मामी त्या निळ्या कव्हरावर बसलेल्या, मामा समोरच्या फळीवर. मामी सकाळपासून बोटीतून उतरल्याच नव्हत्या. प्रत्येक वेळी इंजिन बंद झालं की उठायच्या, वाकायच्या, नुसती मान हलवायच्या.

"म्हणजे दोन वर्षं तुम्हाला काहीच लागलं नाही," त्या म्हणाल्या. "मी केलेलं."

"गरम कळतं. तिखट कळतं. मऊ का कडक तेही कळतं."

"आणि मी गावभर सांगत सुटले, माणूस निवळला."

"निवळलोही असेन. काय सांगावं."

"गप्प बसा." त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, माझ्या हातचं आवडायला लागलं तुम्हाला."

मामांनी खांदा चोळला. "आधीही आवडायचं. नावं ठेवायची सवय होती, एवढंच."

"हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

मामांनी हात लांबवून बोटीचा दोर उगाच चाचपला. मामी म्हणाल्या, "आणि किल्ली फिरवली असती म्हणजे?"

"नाही ना फिरवली."

"मी तिथंच वाकले होते."

"दिसत होतीस."

धक्क्यावर फळ्यांवरचं जुनं इंजिन उन्हात तापत होतं. मामांनी त्याच्याकडे मान करून म्हटलं, "ते परत बसवता येईल. फोरमन सकाळी हँडल मारेल, म्हणालाय तो. मग दिवसभर बंदच करायचं नाही. त्याच्यासाठी हात उसना घ्यायचा, याच्यासाठी नाक. फरक तेवढाच."

"हाताला वजन असतं. नाक बरं." मामी बोटांवर हिशेब करायला लागल्या, एखादं मोठं छत शिवताना कापडाचे तुकडे जुळवावेत तसा. "सकाळी मी येते. मशीनवर जरा उशिरा बसेन. पलीकडून निघताना नर्स असते, नाहीतर तिथला पहारेकरी. दुपारी पेट्रोल भरलं की पंपवाला हुंगेल, त्याचं ते कामच आहे. संध्याकाळी फोरमन. रोज जाणारी माणसं आहेत, कुणी नाही म्हणणार नाही. उलट त्यांनाच बरं, त्यांचा जीव आहे बोटीत. प्रत्येक वेळी दोघांनी हुंगायचं, म्हणजे रंगाचा आणि रबराचा घोळ नको."

मामा ऐकत होते. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. बोट त्यांचीच राहत होती, सुकाणू त्यांच्याच हातात. फक्त दिवसातून कितीतरी वेळा, चारचौघांत, कुणाला तरी म्हणायचं, बाबा रे, जरा वाकून बघ. खांदा ठणकत होता. झोप आली होती त्यांना, पण दुपारच्या फेरीची माणसं यायला लागली होती. पायऱ्यांवरून एक जण उतरतही होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. मग त्या उतरणाऱ्या माणसाकडे बघत त्यांनी विचारलं, "पण थंडीचा कडाका आला की दोन्ही काठ शिंकत असतात. फोरमन शिंकतो, नर्स शिंकते, तू तर आठवडाभर नाक पुसत असतेस. त्या दिवशी मी कुणाला विचारायचं?"